मदत हवी आहे: सांघिक आणि सिंगल्स दोन दिवसांत कसं बसवायचं?

मंडळी, राजारामपुरीत टेबल टेनिसची दोन दिवसांची क्लब स्पर्धा घेतोय. टेबलं चार. मुलांचे 8 संघ, मुलींचे 4, वर मुलांची 32 जणांची सिंगल्स.

मुलांना जागतिक स्पर्धेचीच पद्धत धरलीय: तिघांचा संघ, पाच सिंगल्स, क्रम ए-एक्स, बी-वाय, सी-झेड, ए-वाय, बी-एक्स (एका संघाचे ए, बी, सी, दुसऱ्याचे एक्स, वाय, झेड), तीन मॅच जिंकल्या की लढत, म्हणजे दोन संघांमधला अख्खा सामना, संपली. घोळ वेळेचा आहे. बेस्ट ऑफ फाइव्ह (पाचपैकी तीन गेम जिंकायचे) मॅच अर्धा तास धरली, तर चुरशीची लढत अडीच तास खाते. चार-चारचे दोन गट म्हणजे 12 लढती. चार टेबलांवर साडेसात तास त्यातच गेले!

एक लढत दोन टेबलांवर घेतली तर पहिली-दुसरी आणि चौथी-पाचवी मॅच एकदम लावता येते. टेबल काही वाचत नाही, पण पोरं दीड तासात सिंगल्सला मोकळी होतात. मात्र 2-1 असताना चौथ्या मॅचवर निकाल लागला, तर अर्ध्यावरची पाचवी कुठे धरायची? गटात तीन संघ बरोबरीत आले की जिंकलेल्या-हरलेल्या मॅचचं गुणोत्तर निघतं, आणि भांडण तिथंच पेटतं.

मुलींच्या दोन संघांना तिसरी खेळाडू मिळत नाही. त्यांना जुनी कॉर्बिलॉन कपची (महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धेची) पद्धत, दोघींतच चार सिंगल्स आणि मध्ये एक डबल्स, चालेल ना? लागोपाठच्या मॅचमधली पाच मिनिटांची विश्रांती धरून वेळापत्रक कुणी बसवलं असेल तर टाका. गटात बेस्ट ऑफ थ्री करावं का, तेही सांगा.