पुराच्या रात्रीनंतर बहीण मध्येच ‘हरवते’: उपचार नेमके कोठून सुरू करावेत?

वैनगंगा:
नमस्कार. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे येथील अनेकांना आठवत असेल. माझी मोठी बहीण तेव्हा अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर राहत होती. भाऊजी बाहेरगावी होते, वीज गेलेली होती, आणि तिने सासूबाईंना जेवणाच्या टेबलावर बसवून स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उजाडेपर्यंत वेळ काढला. आता ते मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतात, तरीही रात्री पाऊस लागला की तिच्या छातीत धडधड सुरू होते, ती पुन्हा पुन्हा उठून मोरीची जाळी तपासते आणि कधी कधी बोलता बोलता थांबून एकाच जागी पाहत राहते. हाक मारली तरी ओ देत नाही. नंतर सांगते की आमचे आवाज विहिरीच्या तळातून येत होते आणि स्वतःचे हात परक्याचे वाटत होते.

मेंदूविकारतज्ज्ञांनी ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) काढून फिट्स नसल्याचे सांगितले. त्यानंतर एका समुपदेशकाकडे नेले असता त्यांनी पहिल्याच भेटीत तिला त्या रात्रीची हकीकत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगावयास लावली. पुढे हे प्रकार वाढले आणि आता ती कोणाकडेच जाण्यास तयार नाही. सासूबाई नजर काढतात. भाऊजी म्हणतात, मन खंबीर कर. बोलल्याने मन मोकळे होते असेच आपण ऐकत आलो आहोत, मग हिच्या बाबतीत उलट का झाले? आणि नुसत्या गोळ्यांनी भागेल का?

निरंजना:
मी चिकित्सा मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. प्रत्यक्ष न भेटता निदान करणे योग्य नाही, म्हणून जे लिहिते आहे ते समजून घेण्यापुरते आहे.

संकटात शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. धडधड, घाम, उथळ श्वास हे सारे त्या तयारीचे भाग आहेत. परंतु जेथे लढता येत नाही आणि पळताही येत नाही, उदाहरणार्थ दाराबाहेर पाण्याचा लोंढा आहे आणि घरात चालू न शकणारी वृद्ध व्यक्ती आहे, तेथे मन तिसरा मार्ग घेते व जाणिवेलाच प्रसंगापासून अलग करते. आवाज दूर जातात, शरीर आपले वाटत नाही, वेळेचे भान सुटते. यालाच डिसोसिएशन म्हणतात. त्या रात्री या अलगपणाने तिला तग धरण्यास मदतच केली असेल. अडचण अशी की एकदा हा मार्ग पडला की पावसाच्या नुसत्या आवाजानेही मन तिकडे वळते. हे ढोंग नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. आघातोत्तर तणाव विकृतीत (पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर त्याची भीती व आठवणी पाठ न सोडणे) असा उपप्रकार आढळतो, याची नोंद २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेत स्पष्टपणे घेतली गेली.

आता आपला मुख्य प्रश्न. आघाताची आठवण उपचारात हाताळली जाते हे खरे, पण ती हाताळताना व्यक्ती वर्तमानात पाय रोवून असावी लागते. तसे नसेल तर ती हकीकत सांगत नाही, ती रात्र पुन्हा भोगते, आणि मन पुन्हा त्याच मार्गाने निसटते. म्हणून अनेक चिकित्सक उपचार टप्प्याटप्प्याने करतात: आधी स्थैर्य, म्हणजे वर्तमानात टिकून राहण्याची तयारी, मग आठवणींवर काम, त्यानंतर नेहमीच्या आयुष्यात परतणे. ही मांडणी नवी नाही; फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच क्रमाने उपचार केले होते. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केलेल्या ईएमडीआर पद्धतीचेही (हीत डोळ्यांच्या हालचाली करवून घेत आघाताच्या आठवणींवर काम होते) आठ टप्पे आहेत आणि त्यांतील पहिले दोन केवळ पूर्वेतिहास व तयारी यांसाठीच आहेत. डोळ्यांच्या हालचालींची चर्चा फार होते, या तयारीची मात्र होत नाही.

नव्या चिकित्सकाला पहिल्याच भेटीत विचारावे की सत्रात ताई हरवल्यास ते काय करतील. या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्यापाशी तयार नसेल, त्यांच्याकडे हे काम सोपवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. संमोहनाने ‘दडलेल्या’ आठवणी वर काढतो किंवा मागच्या जन्मात नेतो असे म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहावे, कारण अशा प्रयोगांत न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या आठवू लागण्याचा धोका असतो.

एक वैद्यकीय बाबही सांगून ठेवते. एकदा काढलेल्या ईईजीत काही न दिसल्याने अपस्मार (फिट्स) नाहीच असे सिद्ध होत नाही. पुढच्या वेळी शक्य झाल्यास, ताईंची आधी संमती घेऊन, मोबाईलवर चित्रण करावे आणि ते मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

पळसफूल:
मी एका अपघातानंतर यातून गेले आहे, म्हणून एवढेच लिहिते. मला सर्वांनी डोळे मिटून ध्यान करण्यास सांगितले आणि त्याने माझे हरवणे अधिकच वाढले. माझ्या थेरपिस्ट मॅडमनी डोळे उघडे ठेवण्यास शिकवले. पाय जमिनीवर दाबायचे, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायची, आणि श्वास आत घेण्यापेक्षा सोडण्यास जास्त वेळ द्यायचा. पर्समध्ये ओव्याची पुडी असते. चिमूटभर ओवा चोळून हुंगला की मी चटकन भानावर येते. ताईंसाठी वाक्य बहुधा असे असेल: आज अमुक तारीख आहे, मी मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर आहे, फरशी कोरडी आहे. मात्र याचा सराव उन्हाच्या दिवशी करावा लागतो. पाऊस कोसळत असताना शिकायला घेतले तर काही लक्षात राहत नाही.

रामदासपेठकर:
निरंजनाताईंशी बव्हंशी सहमत आहे, पण एक पुस्ती जोडतो. तयारीचा टप्पा अनिवार्य आहे का, यावर तज्ज्ञांमध्येच मतभेद आहेत, आणि डिसोसिएशन असलेल्या अनेकांना आठवणींवर थेट काम करणाऱ्या पद्धतींचाही लाभ होतो. तयारीच्या नावाखाली वर्षानुवर्षे मूळ विषयाला हातच न लावणे हेही रुग्णाच्या हिताचे नाही.

गोळ्यांविषयी: सर्ट्रालिनसारख्या औषधांनी भीती व अस्वस्थता कमी होऊ शकते, पण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करावयाच्या नसतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तेवढ्या रात्रीपुरती झोप लागते, परंतु सवय लागण्याचा धोका असतो आणि मूळ आघात तसाच राहतो. डिसोसिएशनवर स्वतंत्र असे खात्रीचे औषध नाही. तेथे मुख्य भार थेरपीवरच असतो.

खर्चाची अडचण असल्यास नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढता येतो. प्रादेशिक मनोरुग्णालयाचे नाव ऐकताच घरचे दचकतात, पण तेथेही बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तेथे दाखवले म्हणजे भरती करतील असे मुळीच नाही. थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची (चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी पाहावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे, तेव्हा पॉलिसीही वाचून पाहावी.

निरंजना:
पुस्ती मान्य आहे. तयारी किती दिवस चालावी हे ताईंची स्थिती पाहूनच ठरते, आणि काही जणांना ती फारच थोडी लागते.

वैनगंगा:
सर्वांचे आभार. ताईला हे वाचून दाखवले. ती दवाखान्यात येण्यास अजून तयार नाही, परंतु टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते हे कळल्यावर फोन करण्यास तयार झाली आहे. एकच विचारायचे राहिले: ती हरवते तेव्हा भाऊजी तिला खांद्याला धरून हलवतात. ते योग्य आहे का?

निरंजना:
हलवू नये, आणि अचानक स्पर्शही करू नये. समोर, थोड्या अंतरावर बसून नाव घेऊन संथ आवाजात तारीख, जागा आणि आपण कोण आहोत हे सांगत राहावे. भानावर आल्यावर काय झाले, काय आठवले, असे लगेच विचारू नये, पाणी द्यावे. कोणत्या प्रकारचा स्पर्श चालेल हे भाऊजींनी ताईंना एखाद्या शांत दिवशी विचारून घ्यावे. आणि फोनवर बोलताना ‘मला सध्या त्या रात्रीचे तपशील सांगायचे नाहीत’ असे सुरुवातीलाच सांगण्याचा ताईंना पूर्ण अधिकार आहे, हे त्यांना अवश्य कळवा.