कबड्डीच्या पोट्ट्यांना एचआयव्हीबद्दल मैदानावरच कसं शिकवायचं?

मैदानवाला_रेशीमबाग:
मंडळात १४ ते १७ वयाचे ४० खेळाडू आहेत, त्यात १५ मुली. हॉलमध्ये भाषण ठेवलं की सगळे माना खाली घालून हसतात, प्रश्न एकही येत नाही. म्हणून सीनियर खेळाडूंकडून सरावातच एचआयव्ही प्रतिबंध शिकवायचा आहे. खेळ कोणता घ्यावा? नावाजलेला खेळाडू बोलवावा का?

समुपदेशक_ताई:
दादा, नावाजलेला खेळाडू उद्घाटनापुरता ठीक. अडचणीचा प्रश्न पोरं त्यालाच विचारतात, जो रोज सरावाला भेटतो. १९ ते २३ वयाचे सीनियर निवडा, दर १० जणांमागे एक दादा आणि एक ताई. मैदानात उतरवण्याआधी त्यांना आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणीचं सरकारी केंद्र) समुपदेशकासोबत दोन दिवस बसवा. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत केंद्र आहे.

खेळासाठी ग्रासरूट सॉकरची पद्धत बघा. फुटबॉलमधून एचआयव्हीबद्दल शिकवणारी ही संस्था २००२ साली झिम्बाब्वेत सुरू झाली. त्या धर्तीवर मैदानात सरावाचे ८-१० कोन (प्लास्टिकचे शंकू) मांडा. प्रत्येक कोन म्हणजे एक जोखीम: कंडोमशिवाय संबंध, एकच सुई दोघांनी वापरणं, नशेत घेतलेला निर्णय. फुटबॉलवाले चेंडू नेतात, तुमच्या पोरांनी दम धरून नागमोडी धावावं. पहिल्या फेरीत कोनाला लागला त्याने ५ जोर काढायचे, दुसरीत त्याच्या संघाने, तिसरीत सगळ्यांनी. मग विचारा, "तू लागला नाहीस, तरी जोर का काढलेस?" घर, मित्र, वस्ती यांवरची चर्चा तिथून आपोआप सुरू होते. शेवटच्या फेरीत कोन लांब लांब ठेवा. कंडोम आणि नव्या सुईने वाट कशी मोकळी होते ते तिथे सांगा.

नुसता खेळ घेऊन थांबलात तर गडबड होते. जोर म्हणजे शिक्षा, म्हणजे एचआयव्ही असलेला माणूस गुन्हेगार, असा अर्थ पोरं काढतात. म्हणून खेळ १५ मिनिटं आणि चर्चा किमान २० मिनिटं ठेवा. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने नोव्हेंबर १९९१ मध्ये आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं, हे तिथेच सांगा. रोज एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही, हेही.

फिजिओ_धंतोली:
कबड्डीवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: घाम लागला, ओरखडा आला तर? घामातून, लाळेतून होत नाही. रक्त निघालं तर खेळाडू बाहेर, जखम साबण-पाण्याने धुवून पट्टी, मगच आत. मॅटवरचं रक्त हातमोजे घालून पुसा, १ टक्का हायपोक्लोराइट १० मिनिटं ठेवा.

जिममधली इंजेक्शनं मात्र विसरू नका. ताकदीसाठी स्टेरॉइड घेणारे एकाच कुपीत वापरलेली सुई घालतात, तिथे खरा धोका आहे. जत्रेतल्या गोंदणाचंही तेच. धोका झालाच तर पीईपी (लागण टाळण्यासाठी नंतर घ्यायची औषधं) ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस रोज.

वकील_सिव्हिललाइन्स:
ताईंचं बरोबर आहे, फक्त कायद्याची बाजू जोडतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी नाही, कुणाची स्थिती उघड करणं नाही. १८ खालच्यांसाठी पालकांची संमती लागते. त्यामुळे "चला, सगळा संघ तपासून घेऊ" हे करू नका. गटात जन्मापासून एचआयव्ही असलेलं मूल असू शकतं, म्हणून वैयक्तिक अनुभव विचारणंही बंद.

मार्गदर्शकांनी "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नये. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सोखाली (मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा) कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा.

मैदानवाला_रेशीमबाग:
मनापासून आभार. मुलामुलींना एकत्रच बसवावं का?

समुपदेशक_ताई:
खेळ एकत्र, चर्चा वेगळी. बिननावी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा आणि प्रत्येकाला कोरी का होईना, चिठ्ठी टाकायला लावा, म्हणजे लिहिणारा ओळखू येत नाही. उत्तर माहीत नसेल तर मार्गदर्शकाने अंदाज न बांधता १०९७ या एड्स हेल्पलाइनला विचारून पुढच्या सरावाला सांगावं. पालकांची बैठक पहिल्या सत्राच्या आधी घ्या, कोन आणि चिठ्ठ्या त्यांना दाखवून.