लेक कोमो: राहायचं कुठे, फिरायचं कसं? अनुभव लिहा

पाणकावळा

युरोपच्या धाग्यावर इटलीतल्या कोमो तळ्याचे प्रश्न इतके यायला लागले की मूळ विषय बाजूला पडला. म्हणून हे वेगळं दुकान. २०१८ च्या नोव्हेंबरात दीपिका-रणवीरचं लग्न तिथल्या व्हिला देल बाल्बियानेल्लोवर लागलं (कोंकणी पद्धतीनंही लागलं, हे आपल्याकडच्यांनी विशेष लक्षात ठेवलंय) आणि तेव्हापासून 'ते लग्नवालं तळं बघायचंय' म्हणणारे वाढले. जाऊन आलेल्यांनी, तिकडे राहणाऱ्यांनी, ऑफिसच्या कामातून एक दिवस चोरलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. फोटो नकोत, ते ढिगाने आहेत. कुठे राहिलात आणि का, बोटींचं कसं जमवलं, खाण्याचे हाल झाले का, म्हातारी माणसं बरोबर असतील तर काय, हे हवंय.

सुरुवात मी करतो. नकाशा उघडा. हे तळं पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखं दिसतं. डावं पाऊल कोमो शहर, उजवं लेको, डोकं वर कोलिको, आणि दोन पाय फुटतात तिथे बेलाज्जो. लोक 'कोमो' म्हणून कोमो शहरात हॉटेल घेतात आणि जे बघायचंय ते सगळं मधल्या भागात असतं: बेलाज्जो, वारेन्ना, मेनाज्जो, ट्रेमेझ्झो. कोमोहून बेलाज्जोला साधी बोट दोनेक तास घेते. रोज जाऊन येऊन करणार असाल तर सुट्टी बोटीतच संपेल. माझं ठाम मत: आधी किनारा ठरवा, हॉटेल मागाहून.

आम्ही वारेन्नाला राहिलो. मिलानो चेंत्राले स्टेशनातून थेट लोकल गाडी आहे, तासाभरात पोचवते. जाताना डाव्या खिडकीला बसा. स्टेशनपासून धक्क्यापर्यंत उतार आहे. जाताना बरं वाटतं, परतीच्या दिवशी बॅगा ओढताना तोच चढ होतो. वारेन्ना पूर्व किनाऱ्यावर आहे, म्हणजे तोंड पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन शेवटपर्यंत मिळतं. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो आणि दिवसभराची गर्दी तोवर गाड्या पकडून गेलेली असते. तो वेळ गावात राहणाऱ्यांचा.

तिरकस

मिलानहून एका दिवसात उरकतं की. तळंच आहे. आपल्याकडे पवना आहे, मुळशी आहे.

पाणकावळा

@तिरकस, उरकतं, आणि वेळच नसेल तर तसंच करावं. सकाळी चेंत्रालेहून वारेन्ना, बोटीने पंधरा मिनिटांत बेलाज्जो, दुपारनंतर जलद बोटीने कोमो, तिथून रेल्वेने मिलान. आलेल्या वाटेने परत जायचं नाही, एवढीच युक्ती. शनिवार-रविवार मात्र टाळा, अख्खं मिलान त्याच गाडीत असतं. आणि जलद बोटीत जागा मोजक्या. तिकीट आधी नसेल तर 'शेवटची गेली' हे धक्क्यावर उभं राहून बघावं लागतं.

मेतकूट

छान धागा. आम्ही साबा-साबुंना (सासूबाई-सासरेबुवांना) घेऊन गेलो होतो, त्यामुळे निकष वेगळे होते: चढ नको, पायऱ्या नकोत, स्वच्छतागृह जवळ हवं. बेलाज्जो तिथेच बाद झालं. त्याच्या त्या प्रसिद्ध गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच आहेत. धक्क्यालगतचा रस्ता आणि व्हिला मेल्झीची बाग सपाट आहे, बाकी गाव चढायचं.

मेनाज्जो घेतलं. पाण्याच्या काठाने लांब सपाट फरसबंदी, बाकं, चौक, बोटीचा धक्का चालत. साबु रोज सकाळी फिरायला जायचे आणि बाकावर बसलेल्या इटालियन आजोबांना मराठीत 'नमस्कार' करायचे. तेही काहीतरी म्हणायचे. काय ते दोघांनाही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून साबुंची जागा राखलेली असायची.

पाणकावळा यांनी उन्हाचं लिहिलंय त्याची दुसरी बाजू: मेनाज्जो-ट्रेमेझ्झोचा किनारा पश्चिमेचा, तिथे सकाळी छान ऊन येतं आणि संध्याकाळी सूर्य पाठीमागच्या डोंगराआड लवकर जातो. पहाटे उठणाऱ्या सासऱ्यांना हे मानवलं, नवऱ्याला नाही.

व्हिला कार्लोत्ता ज्येष्ठांना दाखवाच, एप्रिल-मे असेल तर नक्कीच. अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या भिंतीच्या भिंती फुललेल्या असतात. हा वाडा एका डच राजकन्येने आपल्या लेकीला, कार्लोत्ताला, लग्नात आंदण दिलेला. साबा तेवढ्यावर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आम्हाला शिवणयंत्र दिलं होतं." वाड्यासमोरच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, पण गुडघेवाल्यांनी खालच्या बागेत बसलं तरी पैसे वसूल.

आता खाणं. शुद्ध शाकाहारी असाल तर 'रिसोत्तोत मांस नाही ना' एवढं विचारून भागत नाही. भात बहुतेक वेळा मांसाच्या रश्श्यात शिजवतात. त्याला 'ब्रोदो' म्हणतात, तो शब्द वापरून विचारा. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) असतं. ज्यांना चालत नाही त्यांना पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल, चीज नाहीच. आम्हाला सापडलेली खरी चैन म्हणजे पित्झोक्केरी. शेजारच्या वाल्तेल्लिना खोऱ्यातला पदार्थ, कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, त्यात बटाटा, कोबी, भरपूर लोणी आणि चीज. कुट्टू म्हटल्यावर साबांनी विचारलं, उपासाला चालेल का? गहू, कोबी, लसूण बघून प्रश्न आपोआप निकालात निघाला. तो दिवस एकादशीचा होता एवढंच सांगते.

स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात ती संध्याकाळी सातपर्यंत. मधुमेही सोबत असतील तर पिशवीत काहीतरी ठेवाच. आणि बिलात 'कोपेर्तो' दिसलं की भांडू नका, तो माणशी बसण्याचा आकार आहे, बहुतेक ठिकाणी असतो.

तिरकस

शिवणयंत्र =))

सह्यभटका

सगळे बोटीबद्दलच लिहिताहेत. पाय वापरा लोकहो.

कोलोन्नोपासून कादेनाब्बियाकडे जाणारी ग्रीनवे म्हणून दहाएक किलोमीटरची वाट आहे, सोपी, गावांतून आणि जुन्या चॅपलांच्या कडेने जाणारी. जरा दम लागायला हवा असेल तर पूर्व किनाऱ्यावर सेंतिएरो देल व्हियांदान्ते, जुनी वाटसरूंची पायवाट, थेट कोलिकोपर्यंत जाते. रेल्वे तिला समांतर, त्यामुळे पाय बोलले की पुढच्या गावात उतरून गाडी धरायची. आपल्या घाटवाटांना ही सोय असती तर! वारेन्नाच्या डोक्यावर व्हेत्सिओचा किल्ला आहे. आपल्या किल्ल्यांची सवय असेल तर बुरुज बघून हसू येईल, पण वरून तळ्याचे दोन्ही पाय दिसतात.

कोमो शहराला वरच्यांनी उगाच नावं ठेवलीत. तिथून ब्रुनातेला जाणारी दोराची रेल्वे १८९४ पासून चालू आहे. वर पोचून अर्धा-पाऊण तास चढलात की व्होल्टाच्या नावाचा दीपस्तंभ. बॅटरीवाला अलेस्सांद्रो व्होल्टा कोमोचाच, १७४५ चा जन्म. ज्याच्यावरून आपण विजेचे व्होल्ट मोजतो तो. तळ्याकाठी त्याचं एक देऊळवजा संग्रहालयही आहे.

आणि बाल्बियानेल्लोबद्दल. लग्नाच्या जागी फोटो काढून सगळे परत फिरतात. घराच्या आतली फेरी घ्या. शेवटचा मालक ग्विदो मोन्झिनो हा गिर्यारोहक, १९७३ ची पहिली इटालियन एव्हरेस्ट मोहीम त्याने नेली, त्याआधी १९७१ मध्ये उत्तर ध्रुवावर जाऊन आला. वरच्या मजल्यावर त्याच्या मोहिमांचं सामान मांडलंय. १९८८ मध्ये तो गेला आणि वाडा तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन गेला. मला त्या बागेपेक्षा त्या खोल्यांनी जास्त वेळ धरून ठेवलं. आठवड्यात बंद असण्याचे वार असतात आणि एखाद्याचं लग्न असलं तरी बंद, त्यामुळे निघायच्या आधी तपासा. लेन्नोहून चालत गेलात तर टेकडी ओलांडावी लागते; ज्येष्ठांसाठी छोटी बोट.

चिऊचीआई

मुलं घेऊन जाणाऱ्यांसाठी. 'बीच' या शब्दावर भुलू नका. वाळू जवळजवळ नाही, गोटे आहेत, पाण्यातले रबरी बूट न्या. तळं चारशे मीटरहून खोल आहे आणि खूप ठिकाणी काठापासून दोन पावलांवर तळ हरवतो. मेनाज्जो आणि लेन्नोच्या लिदोंवर, म्हणजे पैसे भरून जायच्या स्नानघाटांवर, मुलांना सोडायला निर्धास्त वाटलं.

वाऱ्याचं वेळापत्रक तिथला प्रत्येक नावाडी सांगतो: सकाळी उत्तरेकडून तिवानो, दुपारी दक्षिणेकडून ब्रेव्हा. ४० अश्वशक्तीपर्यंतची मोटरबोट इटलीत परवान्याशिवाय भाड्याने मिळते. आम्ही जेवून, सुस्तावून, दोनच्या पुढे घेतली. ब्रेव्हा ऐन भरात. बोट पुढे कमी आणि वरखाली जास्त. चिऊ खदाखदा हसत होती, तिचे बाबा हिरवे पडले होते. बोट सकाळी घ्या. उलट कोलिको-दोमासोकडे पतंगाला लटकून पाण्यावर धावणारी मंडळी या दुपारच्या वाऱ्याचीच वाट बघत असतात, तो खेळ काठावरून फुकट बघता येतो.

बेल्लानोची घळही मुलांना आवडते. डोंगराच्या फटीतून पाणी गर्जत जातं आणि आपण भिंतीला लटकवलेल्या पुलावरून चालतो.

काजूकतली

जूनच्या शेवटाकडे जाणार असाल तर कोमाचिना बेटाचा उत्सव शोधा. २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाच्या आसपास असतो. ११६९ मध्ये कोमोवाल्यांनी हे बेट जाळून उद्ध्वस्त केलं, त्याची आठवण आतषबाजीने जागवतात. गोगलगायींच्या शंखात तेल-वात घालून दिवे लावतात. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर वाढलेल्या माझ्यासारखीला दुसरं काही सांगायची गरज पडली नाही. रस्ते त्या रात्री बंद असतात आणि बोटी खच्चून, राहायला जवळपासच बघा.

लांबपल्ला

दिवाळीच्या सुट्टीवाल्यांना इशारा. ऑक्टोबर संपला की मधल्या गावांतली हॉटेलं, बागा, खानावळी एकेक करून कुलूप लावतात, ती मार्चपर्यंत. बोटीही कमी. त्या दिवसांत उलट कोमो शहरात राहा: १३९६ मध्ये बांधायला घेतलेलं कॅथेड्रल, रेशमाचं संग्रहालय (शहर रेशमावरच उभं राहिलंय, पैठणीवाल्यांनी जरूर बघावं), आणि माणसं राहतात म्हणून दुकानं उघडी.

संपाचंही बघून ठेवा. इटलीत रेल्वेचा संप जाहीर करून होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरलेल्या गाड्या चालवाव्याच लागतात. विमान गाठायचं असेल तर त्यांवर भरवसा ठेवा. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठप्प करून मगच चढा. तपासनीसाला 'आम्ही पर्यटक' ही सबब पाठ झालेली आहे.

झुरिककर

मी वर्षाआड जातो, त्यातून दोन गोष्टी. गाडी नको. पश्चिम काठचा रेजिना रस्ता जुना, अरुंद, दोन्ही बाजूंना घरं; समोरून बस आली की कोणीतरी मागे जायचं असतं आणि ते बहुधा आपण. भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. घेतलीच गाडी, तर वारेन्ना, बेलाज्जो, मेनाज्जो आणि कादेनाब्बियामध्ये फेरी गाड्याही नेते, त्याने पूर्ण वळसा वाचतो.

दुसरं, वारेन्नाचा मोठा फायदा कोणी लिहिला नाही. तीच रेल्वे पुढे तिरानोला जाते आणि तिथून स्वित्झर्लंडमध्ये जाणारी बेर्निनाची लाल गाडी निघते, २००८ पासून जागतिक वारशात असलेली. प्रसिद्ध बेर्निना एक्स्प्रेसला आरक्षण लागतं. त्याच रुळांवरच्या साध्या गाडीला लागत नाही, आणि तिच्या काही खिडक्या उघडतात.

मेतकूट

@झुरिककर, हे आधी माहीत असतं तर! बहीण मे मध्ये जातेय, कोमो आणि मग स्वित्झर्लंड. तिचा प्रश्न: व्हिसा कुठला काढायचा?

झुरिककर

जिथे जास्त रात्री, त्या देशाचा. रात्री सारख्याच असतील तर जिथून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) पाऊल ठेवणार त्याचा, म्हणजे मिलानला उतरणार असेल तर इटलीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे महिन्याच्या तारखा मुंबईत लवकर भरतात, तिला आत्ताच बघायला सांगा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. बॅगा किती आहेत तिच्या? वारेन्नाचा चढ वर लिहिलाय.