तलवार खणखणवणारा पोकळच असतो का?

रानवारा: धमकावण्याविषयीचे बरेचसे इंग्रजी वाक्प्रचार निकाल आधीच देऊन मोकळे होतात. 'ऑल बार्क अँड नो बाइट' म्हणजे नुसतेच भुंकणे, 'पेपर टायगर' म्हणजे कागदी वाघ. 'सेबर रॅटलिंग', अर्थात म्यानातली तलवार खणखणवणे, याच पंक्तीत बसवून आपली वृत्तपत्रेही तो 'पोकळ धमकी' या अर्थाने वापरतात, याला माझा ठाम आक्षेप आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये चिलीच्या सिनेटमध्ये खासदारांच्या मानधनाची चर्चा चालू असताना, सज्जात बसलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी खरोखरीच तलवारी खणखणवल्या. त्याच महिन्याच्या ११ तारखेला संसद बरखास्त होऊन सत्ता लष्कराच्या हाती गेली. २०२२च्या आरंभी युक्रेनच्या सीमेवर एक लाखाहून अधिक रशियन सैनिक जमले होते, तेव्हाही अनेक जाणकारांनी हा केवळ दबावाचा खेळ आहे असे सांगितले, आणि २४ फेब्रुवारीला आक्रमण झाले.

टिपणवही: शेवट ठाऊक असलेली दोनच उदाहरणे निवडून नियम बांधता येत नाही. ओबामा यांनी २० ऑगस्ट २०१२ रोजी, सीरियाने रासायनिक अस्त्रे वापरल्यास ती आपल्यासाठी लाल रेषा ठरेल, असे बजावले. वर्षभराने, २१ ऑगस्ट २०१३ रोजी, घौटा येथे सरिन वायूने शेकडो माणसे मेली, ब्रिटिश संसदेने लष्करी कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला आणि अमेरिकेनेही हल्ला केला नाही. अशा धमकीला पोकळ म्हणणे हे पत्रकाराचे कर्तव्यच आहे.

रानवारा: परंतु त्याच धमकीच्या दबावाखाली सीरियाने रासायनिक अस्त्रबंदी करार स्वीकारला आणि सुमारे १,३०० टन साठा जाहीर करून नष्ट होऊ दिला, हे आपण वगळलेत. तिला पोकळ कसे म्हणावे?

टिपणवही: जाहीर केला तेवढाच. ४ एप्रिल २०१७ रोजी खान शेखून येथे पुन्हा सरिन वापरले गेले. धमकीने काही पदरात पडले हे मी मान्य करतो, परंतु जे रोखायचे होते ते रोखले गेले नाही.

उंबरठा: आपण दोघेही परिणामांवरून बोलत आहात, बातमी लिहिणाऱ्यासमोर मात्र परिणाम नसतो, तयारी असते. जानेवारी २०२२ च्या अखेरीस, रशियाने सीमेजवळ जखमींसाठी रक्ताचा साठा हलवल्याचे अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाले होते. केवळ सरावासाठी एवढ्या रक्ताची गरज काय, हा प्रश्न तेव्हाच विचारता येत होता. म्हणून वाक्प्रचाराला माझी हरकत नाही. त्याच्या शेजारी सैन्य, रसद आणि इस्पितळे यांचा तपशील नसेल, तर मात्र आहे.

टिपणवही: तपशील द्यावाच. मात्र तो देऊनही धमकी पोकळ दिसत असेल, तर तसे लिहायला संपादकाने कचरू नये, एवढा माझा आग्रह राहील.