अनुभव धागा: उघड्यावरची लघवी – भिंत, मुतारी आणि आपल्या नजरा

ओसरी

सोसायटीची मागची भिंत, रिक्षा स्टँडची कड, बाजाराचा कोपरा, एसटी स्थानकामागचं कुंपण. इथे रोज काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण विषय निघाला की आवाज खाली येतो. पुरुष भिंतीकडे तोंड करून उभा राहिला की आपण नजर वळवतो. त्याच रस्त्यावर सकाळपासून भाजी विकणारी बाई कुठे जाते, हे मात्र कुणी विचारत नाही.

किस्से पुष्कळ झाले, म्हणून इथे किस्से नकोत. ज्यांनी भिंती दुरुस्त केल्या, मुताऱ्या बांधल्या किंवा चालवल्या, रुग्ण तपासले, गाड्या हाकल्या त्यांनी नेमकं लिहा: काय केलं की जागा कोरडी राहते आणि काय केलं की आठ दिवसांत पुन्हा तेच. मापं लिहा, प्रमाण लिहा, चुका लिहा. "लोकांना अक्कल नाही" एवढंच म्हणायचं असेल तर ते सोडून द्या.

गवंडीकाका

भिंतीपासून सुरुवात करतो. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातला युरिया जिवाणू फोडतात, काही तासांत अमोनिया तयार होतो आणि मग नाकाला झोंबतं. साधा सिमेंटचा गिलावा हे सगळं स्पंजासारखं पितो. पाणी उडून जातं, क्षार आत राहतात. हे क्षार हवेतली ओल ओढतात, त्यामुळे उन्हाळ्यात "गेला वास" म्हणेपर्यंत जूनमध्ये तीच भिंत पुन्हा घाण मारते. पुढे लोणा लागतो: पांढरी भुकटी येते, रंग फुगतो, गिलावा पोपडे धरून सुटतो.

वरून रंग मारणं हा पैशाचा नाश आहे. डाग जिथे संपतो त्याच्या वर किमान एक फुटापर्यंत गिलावा काढा. विटांचे सांधे अर्धा इंच खरवडा. भिंत पाण्याने भिजवून सुकू द्या. सुकताना क्षार पांढरे होऊन बाहेर येतात. ते कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. धुतलेत तर परत आत जातील. पांढरं येणं कमी होईपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं आणि त्यात पंधरा दिवस सहज जातात. घाईने लगेच गिलावा केला की पुढच्या पावसाळ्यात लोणा परत हजर. मग वॉटरप्रूफिंगचं औषध घालून १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा, आणि जमिनीपासून चार फुटांपर्यंत चकचकीत ग्लेझ्ड टाइल्स. टाइल्समधल्या फटीत पांढरं सिमेंट भरू नका, तेही पितं. इपॉक्सी ग्राउट महाग पडतो, पण इथे तोच लागतो.

कोटा फरशी लावायचा मोह टाळा. ती चुनखडीची असते. सफाईवाल्याने एकदा ॲसिड ओतलं की पॉलिश जातं, बारीक खड्डे पडतात आणि त्यात लघवी साठते.

सगळ्यात उपयोगाचं काम सगळ्यात स्वस्त आहे. माणूस दोन बाजूंनी आडोसा मिळेल असा काटकोन शोधतो. तो काटकोन विटांनी तिरपा भरून काढा, म्हणजे ४५ अंशांची तिसरी भिंत, उंची पाच-साडेपाच फूट. खाली मातीऐवजी काँक्रीट, गटाराकडे मीटरला २५ मिलिमीटर उतार. दिवा समोरच्या खांबावर नको, त्याच कोपऱ्यावर आठ-दहा फुटांवर हवा, कारण समोरच्या दिव्याने माणसाची पाठ उजळते आणि भिंत अंधारातच राहते.

वळचण

गवंडीकाका, देवाच्या टाइल्सबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहिते. गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का-मदिना अशा टाइल्स ओळीने लावल्या की त्या तीन-चार मीटरच्या पट्ट्यात लघवी थांबते, हे खरं. पण माणूस तिथून दहा पावलं पुढे सरकतो, म्हणजे घाण शेजाऱ्याच्या भिंतीवर जाते. वर्षा-दोन वर्षांत टाइल्स तडकतात, सुटतात आणि देवाचं चित्र गटारात पडलेलं दिसतं. ते उचलायचं सफाई कामगारानेच. शिवाय त्या जागी उदबत्ती, मग हार, मग छोटं देऊळ होतं आणि फूटपाथ जातो. श्रद्धेला पहारेकरी करणं मला मुळातच पटत नाही. ज्या भिंतीपासून पन्नास पावलांवर धुतलेली मुतारी आहे, तिथे देवाला उभं करावं लागत नाही.

नळजोड

"धुतलेली मुतारी" म्हणणं सोपं, म्हणून आकडे देतो.

मोठ्या माणसासाठी मुतारीच्या भांड्याची पुढची कड जमिनीपासून ६०० ते ६५० मिलिमीटर. एक भांडं ४५० वर लावा, मुलं आणि बुटकी माणसं खाली सांडत नाहीत. दोन भांड्यांच्या मध्यांत ७०० मिलिमीटर, मध्ये खांद्यापर्यंत फळी. फळी नसली की लाजणारा माणूस मधली जागा सोडतो, म्हणजे चार भांड्यांची मुतारी दोघांतच भरते आणि तिसरा बाहेरच्या भिंतीकडे वळतो. गर्दी नसताना बाहेर का जातात याचं अर्धं उत्तर इथे आहे.

निचऱ्याचा पाइप किमान ४० मिलिमीटर, उतार ४० ला १, वळणं कमी, आणि प्रत्येक वळणावर उघडता येणारं झाकण. मुतारी तुंबते ती बहुतेक दोन कारणांनी. एक, गुटख्याच्या पुड्या, काड्या, थुंकलेली सुपारी. त्यासाठी भांड्यात काढता येणारी जाळी आणि बाहेर थुंकदाणी. दुसरं कारण दिसत नाही: लघवीतले क्षार आणि बोअरचं जड पाणी मिळून पाइपच्या आत पिवळट-करडा खडा धरतो. थेंब-थेंब पाणी सोडून ठेवण्याची पद्धत इथे नुकसानच करते. त्याने धुतलं जात नाही, खड्याला खाद्य मात्र मिळतं. प्रत्येक वापराला दीड-दोन लिटर एकदम सोडा. दिवसाला २०० माणसं धरली तर ४०० लिटर, शिवाय धुण्याचं वेगळं. १००० लिटरची टाकी नसेल तर मुतारी बांधूच नका, ती दुर्गंधीचं केंद्र होते.

खडा काढायला लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड: लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, रात्री ओतून सकाळी धुवायचं, आठवड्यातून एकदा. फार जुना खडा असेल तरच टॉयलेट साफ करायचं ॲसिड. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र नको, क्लोरीन वायू सुटतो. न धुतलेल्या लघवीवर थेट ब्लीचिंग टाकलं तरी छातीला झोंबणारा वायू निघतो. आधी भरपूर पाणी, मग काय ते. डांबरगोळ्या आणि फिनेल वासावर वास चढवतात, खडा काढत नाहीत.

कडीकोयंडा

वरची सगळी मापं पुरुषांच्या मुतारीची आहेत. आता बायकांचं.

मुंबईत २०११ मध्ये "राईट टू पी" (लघवीला जाण्याचा हक्क) चळवळ उभी राहिली ती एका साध्या हिशेबावरून: पुरुषांची मुतारी फुकट, आणि बाईला मात्र संडासाची खोली वापरावी लागते म्हणून पैसे. दिवसात चार वेळा गेली तर भाजीवालीच्या कमाईतून चार वेळा सुट्टे जातात. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याच्या "मिळून साऱ्याजणी" मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं देणं हे महापालिकांचं कर्तव्य आहे असं स्पष्ट सांगितलं. मागणी अर्ज लिहिताना या निकालाचा उल्लेख जरूर करा.

जागा पाहायला जाल तेव्हा आधी आतली कडी लावून पाहा. कडी दांडीला लागत नाही, भोक सरकलेलं असतं, मग बाई एका हाताने दार धरून बसते. दाराला खाली चार इंचांहून मोठी फट नको आणि वर छताला उघडी जागा नको. पिशवीसाठी मजबूत खुंटी, खांद्याच्या उंचीवर. ती नसेल तर साडीचा पदर, पर्स आणि मूल हे तिन्ही एकाच वेळी कसं सांभाळायचं? नळ आत हवा, बाहेरच्या पिंपातून टमरेल भरून आणायला लावू नका, कारण ते भरताना पुरुषांच्या रांगेसमोर उभं राहावं लागतं. झाकणाचा डबा पॅडसाठी. दिवा आत आणि वाटेवरही. आणि बायकांच्या दाराशी पैसे घ्यायला बाई बसलेली असावी. हा एक बदल केला की वापर वाढतो.

संख्येत बरोबरी म्हणजे न्याय नव्हे. बाईला वेळ जास्त लागतो, आणि तेवढ्याच जागेत पुरुषांची भांडी जास्त बसतात. पुरुषांच्या एकूण भांड्यांइतक्या तरी खोल्या बायकांना मिळायला हव्यात. नकाशात ते कधीच नसतं, हरकतीच्या मुदतीत लेखी द्यावं लागतं.

पाचवा मजला

डॉक्टर म्हणून थोडक्यात. मूत्राशयात ३००-४०० मिलिलिटर जमलं की मोठ्या माणसाला जावंसं वाटतं. दिवसा तीन-चार तासांनी जाणं हे नेहमीचं. बायकांचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटिमीटर, पुरुषांचा २० च्या आसपास, म्हणून बायकांना जंतुसंसर्ग लवकर होतो. बाहेर सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं हा सगळ्यात वाईट उपाय. लघवी गडद पिवळी, जळजळ, थोडी-थोडी सारखी होणं ही लक्षणं दिसली तर तपासून घ्या. सोबत थंडी-ताप किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखत असेल तर त्याच दिवशी.

पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला, मधुमेह्याला, रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्याला खरोखर थांबवत नाही. अशा म्हाताऱ्याला भिंतीशी पाहून आरडाओरडा करू नका, जवळच्या दुकानदाराने आतली सोय उघडून द्यावी. गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी पुढे-मागे करता येते का हे आपल्या डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका.

उपविधी

कायद्याचं: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ११५ रस्त्यात घाण करण्याबद्दल आहे. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधीत उघड्यावर लघवीसाठी २०० रुपये दंड ठेवला. रेल्वेच्या हद्दीत २०१२ च्या नियमांनी ५०० रुपयांपर्यंत. दंड भरलात तर छापील पावती घ्या. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. "हागणदारीमुक्त" शहराच्या मूळ व्याख्येत लघवी नव्हतीच. २०१८ मध्ये आलेल्या ओडीएफ प्लसमध्ये, म्हणजे हागणदारीमुक्तीच्या पुढच्या दर्जात, ती आली: दिवसाच्या कुठल्याही वेळी उघड्यावर लघवी करणारा एकही माणूस दिसू नये आणि सगळी सार्वजनिक स्वच्छतागृहं चालू असावीत. तुमच्या शहराने हा दर्जा मिरवला असेल आणि चौकातल्या मुतारीला कुलूप असेल, तर कुलपाचा फोटो तारीख-वेळेसह जोडून प्रभाग कार्यालयात लेखी द्या. "घाण आहे" या तक्रारीपेक्षा "कुलूप आहे" ही तक्रार लवकर हलते.

स्टेअरिंग

पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह डिझेल न भरताही वापरता येतं, संकोच नको. घाटात कडेला गाडी लावून उतरू नका. वळणावर मागच्या गाडीला माणूस दिसत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे, फूड मॉल सोडून मध्ये थांबू नये.

आणि ड्रायव्हर बांधवांना कळकळीची विनंती: केबिनमध्ये बाटलीत केलेली लघवी झाकण लावून रस्त्याकडेला फेकू नका. प्लॅस्टिक म्हणून ती बाटली कचरावेचक बाई उचलते, वजन कमी करायला उघडते आणि उन्हात तापलेलं ते पाणी तिच्या हातावर, तोंडावर उडतं. रिकामी करून, विसळूनच डब्यात टाका.

बांधावरून

आमच्याकडे पुरुषाने बांधावर लघवी करण्यात कुणालाच काही वाटत नाही. पिकालाही त्रास नाही, उलट नत्र मिळतं. मात्र एकाच झाडाच्या बुंध्याशी रोज नको, पानं करपतात. एकाला दहा पाणी मिसळून दिलं तर चालतं. पण निंदणीला आलेल्या बायकांना आडोसा लागतो हे शेतमालकाच्या डोक्यात येत नाही. चार बांबू, जुनी ताडपत्री, सहा फूट उंची, विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला. अर्ध्या तासाचं काम आहे.

तटबंदी

गडावर जाणाऱ्यांसाठी: कातळात खोदलेल्या टाक्यात पाणी झऱ्याचंच येतं असं नाही, पुष्कळदा वरच्या कातळावरचं पावसाचं पाणी वाहून येतं. म्हणून टाक्यापासून नुसतं लांब जाऊन भागत नाही, उताराच्या खालच्या बाजूला किमान ६० मीटर, म्हणजे ऐंशी-नव्वद पावलं जा. गुहा, देवडी, बुरुजाचा आतला कोपरा इथे मुळीच नाही. रात्री तिथे कुणीतरी अंथरूण टाकणार असतं.

ओसरी

खूप उपयोगी लिहिलंत. गवंडीकाका, भिंतीलगत झाडं लावली तर?

गवंडीकाका

नुसती रोपं नकोत, क्षारांनी आठवड्यात जळतात. आधी भिंत धुऊन टाइल्स लावा, मग पुढे दोन फूट रुंद, दीड फूट उंच पक्का वाफा बांधा. माणसाला भिंतीपर्यंत पोचताच येत नाही. वाफ्याचा तळ भिंतीपासून एक इंच सुटा ठेवा, नाहीतर रोज घातलेल्या पाण्याने लोणा पुन्हा चढेल. पहिले दोन महिने पाणी संध्याकाळी सातच्या सुमाराला घाला. त्याच वेळी तिथे लोक थांबतात, आणि कुणीतरी हातात पाइप घेऊन उभं असलं की पुढे जातात.