पोषणशास्त्राच्या पोरापोरींना मंत्रालयाची वाट शिकवायची की नाही?

तूरडाळ
परवा इथेच एका सरांनी लिहिलं की तरुण न्यूट्रिशनवाल्यांना धोरण आणि अ‍ॅडव्होकसीचं, म्हणजे सरकारदरबारी पाठपुरावा करण्याचं, ट्रेनिंग देणं हे नुसतं फॅड आहे, शास्त्रज्ञानं आकडे द्यावेत आणि बाजूला व्हावं, भांडायला कार्यकर्ते आहेत. खाली सगळे "अगदी बरोबर सर". माझं डोकंच फिरलं, कमेंटीत मावेना म्हणून वेगळा धागा काढतेय.

आकडे द्यायचे ते कुणाला हो? महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांमधलं वेस्टिंग (उंचीच्या मानानं वजन कमी) एनएफएचएस-४ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २५.६ टक्के होतं, एनएफएचएस-५ मध्येही २५.६ च. खुजेपण ३४.४ वरून ३५.२. मुलांमधला अ‍ॅनिमिया ५३.८ वरून थेट ६८.९. मधल्या काळात पोषण अभियान आलं, रांगोळ्या झाल्या, प्रभातफेऱ्या झाल्या. आकडे काय कुलुपात होते का? सगळ्यांसमोर होते, पण ते घेऊन कुठल्या टेबलावर जायचं हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

एमएस्सीला आम्ही आरडीए (रोज कुठला पोषक घटक किती लागतो ते आकडे) पाठ केले, स्टॅटिस्टिक्स शिकलो, थेसिस बांधून दिला. आदिवासी भागातल्या गरोदर बायांना जेवण आणि मुलांना अंडी देणाऱ्या अमृत आहार योजनेचा पैसा आदिवासी विकास विभागाचा आणि राबवणार महिला व बालविकास, त्यामुळे अंडी वेळेवर का आली नाहीत विचारायला गेलं की हा विभाग त्याच्याकडे बोट दाखवतो, हे नोकरीला लागल्यावर कळलं. एका अधिकाऱ्यांकडे आमच्या टीमचा रिपोर्ट घेऊन गेले होते, जाडजूड, स्पायरल बाइंडिंग केलेला. त्यांनी तो उघडलाही नाही. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला. म्हणाले, मॅडम मला एक पान द्या, मागणी काय, दर लाभार्थी दर दिवशी खर्च किती, आणि आत्ताच्या जीआरमधलं कुठलं वाक्य बदलायचं. आणि मार्चमध्ये येऊ नका, आमचे प्रस्ताव दिवाळीच्या आगेमागेच निघतात. एवढंच शिकवा म्हणतोय आम्ही. यात फॅड कुठे आलं?

जुना_लॅबवाला
ते सर मीच. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

तुमचाच आकडा घ्या, ६८.९. एनएफएचएसमध्ये हिमोग्लोबिन बोट टोचून काढतात, शिरेतल्या रक्ताशी ते किती जुळतं यावर शास्त्रज्ञांमध्ये केवढा वाद झाला, शेवटी एनएफएचएस-६ मधून अ‍ॅनिमिया वगळला आणि ते काम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (एनआयएन) वेगळ्या सर्वेक्षणाकडे गेलं. हे लिहिलंत का तुम्ही? नाही, कारण मागणी पुढे रेटायची असली की मोठा आकडा कामाचा आणि तळटीप अडचणीची. माझी भीती हीच आहे. पंचविशीतल्या मुलीला आधी "तुझा मुद्दा एका पानात बसव" शिकवलंत की पुढे तिला शंकाच येईनाशी होते.

आणि पोषणशास्त्रज्ञ गोपालन सरांनी कुठलं ट्रेनिंग घेतलं होतं? ऐंशीच्या दशकात "मुलं अंगानं लहान आहेत पण निरोगी आहेत" म्हणणाऱ्यांना त्यांनी शास्त्रानंच उत्तर दिलं. काम पक्कं असेल तर ते बोलतं.

तूरडाळ
अ‍ॅनिमियाचा मुद्दा घ्या तुम्हाला. वेस्टिंगला कुठे बोट टोचतात? वजनकाटा आणि उंचीची पट्टी आहे, त्यावर बोला ना. आणि गोपालन सर आधी एनआयएनचे संचालक, मग वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) डीजी. त्यांचं शास्त्र मोठं होतंच, पण त्यांना कुणाच्या केबिनबाहेर चिठ्ठी पाठवून बसावं लागत नव्हतं. आमच्या मुलींना शिपाई आत सोडत नाही. काम बोलतं म्हणे. कुणाच्या कानात?

आरमोरीकर
दोघंही आमच्या जिल्ह्याकडे बघा जरा. बंग डॉक्टरांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, १९९९ ला लॅन्सेटमध्ये पेपर आला, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. याहून पक्कं काम कोणतं पाहिजे? तरी देशभर आशांकडून ते सुरू व्हायला २०११ उजाडलं. माझी मावशी आशा आहे, बाळंतीण घरी आली की तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, असं ४२ व्या दिवसापर्यंत जाते, स्प्रिंगचा काटा आणि थर्मामीटर पिशवीत. लॅबवाले सर म्हणतील बघा कामच बोललं. मी म्हणतो बारा वर्षं बोलत होतं, आणि मागे लागणारी माणसं होती म्हणून ऐकलं गेलं.

झेडपी_गुरुजी
विषय न्यूट्रिशनचा आहे म्हणून माझंही घ्या. नोव्हेंबर २०२३ ला शासनानं जीआर काढला, शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं, जे खात नाहीत त्यांना केळं. अंड्याला पाच रुपये धरले. हिवाळ्यात आमच्या बाजारात सातच्या खाली मिळत नव्हतं, फरक मुख्याध्यापकांच्या खिशातून. तरी आम्ही दिलं, कारण त्या दिवशी वर्ग भरायचा. स्वयंपाकीण मावशी सकाळी उकडून टोपल्यात आणायच्या आणि पोरं प्रार्थनेपासून टोपल्याकडे बघत उभी. मग जानेवारी २०२५ ला निधी बंद. हवं तर लोकसहभागातून द्या म्हणे. अहो ज्या गावाला पाणी टँकरनं येतं तिथे अंड्याला लोकसहभाग कुठून आणू? तेव्हा कुठे होते तुमचे शास्त्रज्ञ? एकाचं पत्र पेपरात आलेलं मला आठवत नाही.

सात्त्विक_कोथरूड
गुरुजी, निधी बंद झाला ते बरंच झालं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं शिरलेलं नाही, माझी दोन्ही मुलं धडधाकट आहेत. शेंगदाणा आहे, राजगिरा आहे, हरभरा आहे, दूध आहे. अंड्याचाच हट्ट का?

झेडपी_गुरुजी
तुमच्या घरात दूध, तूप, पनीर, बदाम सगळं शिरलेलं आहे ताई. माझ्या वर्गातली निम्मी पोरं ऊसतोड कामगारांची, सकाळी कोरा चहा पिऊन येतात. त्यांच्या घरी अंडं चालतं, फक्त परवडत नाही. तुमच्या मुलांच्या ताटात कुणी अंडं टाकलं होतं का? केळ्याची सोय होतीच की. त्यांच्या ताटातलं काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

सात्त्विक_कोथरूड
मी कुणाच्या ताटातलं काढलं नाही, भाषा सांभाळा. एका पंगतीत एकाला अंडं आणि दुसऱ्याला केळं, मुलांमध्ये भेद होतो की नाही?

तूरडाळ
भेद प्रोटीनमध्येही होतो. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, एका केळ्यात जेमतेम एक ग्रॅम. केळं वाईट नाही, पण ते अंड्याच्या बदली नाही. शाकाहारी मुलांना दूध किंवा शेंगदाण्याची चिक्की द्या म्हणून मागणी करा, मी सही करते. तमिळनाडूत शाळेच्या दिवशी रोज अंडं मिळतं, तिथल्या पंगती मोडल्या नाहीत. कर्नाटकात आता आठवड्याचे सहा दिवस देतात, त्यातले चार दिवस एका फाउंडेशनच्या पैशावर. आपल्याकडे बातम्यांप्रमाणे वर्षाचे साधारण ५० कोटी वाचवायला एक दिवसाचं बंद केलं.

आणि गुरुजी, शास्त्रज्ञ कुठे होते याचं उत्तर हाच तर धागा आहे. आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हळहळलो. विधिमंडळात लक्षवेधी सूचना कोण मांडू शकतं, आमदाराला माहिती कधी द्यायची, वित्त विभाग कुठल्या कारणावर अडवतो, यातलं आमच्या एकाही बॅचला येत नव्हतं.

जुना_लॅबवाला
पाहिलंत? धागा ट्रेनिंगचा, गेला अंड्यावर. उद्या मंत्रालयातही हेच होणार. तुम्ही प्रोटीनचे ग्रॅम सांगायला जाल आणि कुणी तुम्हाला धर्मविरोधी ठरवेल, मग पुढचे दहा पेपर लोक त्याच चष्म्यातून वाचतील.

कायदा_वाचा
अंडं जरा बाजूला ठेवा. ट्रेनिंगला पैसा कोण देणार ते बोला. बाळांच्या दूधपावडर-डबाबंद अन्नावरचा आयएमएस कायदा १९९२ चा आहे, २००३ ला कडक केला, बाळांच्या डबाबंद अन्नाच्या कंपन्यांनी डॉक्टर-आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परिषदा-सेमिनार स्पॉन्सर करायचे नाहीत असं त्यात लिहिलंय. पण बिस्किट, चॉकलेट पावडर, सरबतवाल्यांना हा कायदा लागत नाही. माझ्या पहिल्याच कॉन्फरन्समध्ये एका कंपनीची बॅग, पेन, जेवण आणि "सायन्स कम्युनिकेशन"चं सेशन. त्या सेशनचा सगळा रोख काय, तर कुठलंही अन्न वाईट नसतं, व्यायाम महत्त्वाचा. आमच्या बॅचच्या मुली नोट्स काढत होत्या! अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयनं सप्टेंबर २०२२ ला पाकिटावर अन्न किती पौष्टिक ते सांगणारे तारे छापायचा मसुदा काढला तेव्हा त्यावर हरकती मागवल्या होत्या. तारे नकोत, चिली देशासारखा काळा इशारा हवा, असं कळवता आलं असतं. कंपन्या अशा वेळी कन्सल्टंट लावून लेखी म्हणणं देतात. आमच्या डिपार्टमेंटमध्ये हरकत पाठवता येते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे ट्रेनिंग हवंच, पण कंपनीच्या पैशाचं असेल तर नसलेलं बरं.

भंडारा_आई
मी शास्त्रज्ञ नाही. माझ्या मुलाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. रेशनचा तांदूळ २०२४ पासून सरसकट लोह मिसळलेला यायला लागला. २०१८ च्या नियमात पोत्यावर सिकलसेल-थॅलेसेमियावाल्यांसाठी सूचना छापायची होती, पुढे ती अटच काढली. चालतो की नाही चालतो यावर दोन डॉक्टरांची दोन मतं. अंड्यावर एवढं भांडता, आमच्याकडे येऊन कुणी साध्या भाषेत सांगून जा की.

तूरडाळ
ताई, तुमच्या मुलाला वारंवार रक्त चढवावं लागतं का आणि फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचं माप) किती आहे यावर बरंच अवलंबून आहे, ते तुमच्या सिकलसेल क्लिनिकच्या डॉक्टरांनाच विचारा, इथल्या कुणाच्या सल्ल्यावर जाऊ नका. पण पोत्यावरची ती सूचना हटवताना विदर्भातल्या, नंदुरबारच्या घरांना कोण सांगणार होतं, हा प्रश्न आमच्या लोकांनी जोरात विचारायला हवा होता.

अकरा_महिने
इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. मी एनआरसीत (पोषण पुनर्वसन केंद्रात) आहे, सॅमची, म्हणजे तीव्र कुपोषित, बाळं सांभाळते, ऑर्डर अकरा महिन्यांची. पगार कधी तीन महिन्यांनी. आमच्याकडे थेरप्युटिक फूडचा स्टॉक संपला तेव्हा मी वरती लेखी कळवलं, तर मला सांगण्यात आलं की असं कागदावर आणू नका, रिन्यूअल जवळ आलंय. सगळे इथे बोलायला शिकवा बोलायला शिकवा चाललंय. बोलायला येतं आम्हाला! बोलल्यावर नोकरी कोण वाचवणार? ज्यांची कायम नोकरी आहे, ज्यांना पेन्शन आहे, ते सर म्हणतात शास्त्रज्ञानं बाजूला व्हावं. तुम्ही बाजूला होता म्हणून आमच्यासारख्या पोरी पुढे ढकलल्या जातात.

जुना_लॅबवाला
हे मला लागलं, पण खोटं म्हणणार नाही. कंत्राटी मुलींकडून धाडसाची अपेक्षा ठेवणं मला कधीच पटलं नाही, ट्रेनिंगला माझा विरोध त्यातूनही आहे. तुम्ही त्यांना शस्त्र देता, ढाल देत नाही.

तूरडाळ
मग ढाल तुम्ही व्हा ना सर. हरकतींवर, पत्रांवर पहिली सही निवृत्त आणि कायम असलेल्यांची, मजकूर आम्ही लिहितो.

जुना_लॅबवाला
इतकं सोपं करू नका. ऐका, बजेट वाचणं, जीआर वाचणं, हरकत लिहिणं, एवढं शिकवा, याला माझी ना नाही. घोषणा, हॅशटॅग, मंत्र्यांबरोबर फोटो, याला आजही विरोध आहे आणि राहील. प्रत्येक हरकतीत आकड्याची मर्यादा काय ते लिहिलंच पाहिजे, तळटीप गाळली तर मी सही करणार नाही. आणि एका पानात ती बसत नसेल तर दीड पान करा, त्या साहेबांना वाचू दे दीड पान.

कायदा_वाचा
आणि कंपनीचा एक रुपयाही नको, चहासुद्धा वर्गणीचा. हे ठरणार असेल तर पाकिटावरच्या लेबलचं सेशन मी घेते.

सात्त्विक_कोथरूड
माझं अंड्याबद्दलचं मत बदललेलं नाही. चिक्कीच्या मागणीवर सही करीन.

झेडपी_गुरुजी
करा. दर मात्र बाजारभावानं लिहा, पाच रुपयांत चिक्कीही येत नाही. आणि पोरांना मंत्रालय दाखवण्याआधी माझ्या शाळेत एक आठवडा आणा, धान्याची नोंदवही कशी लिहितात ते बघू दे, निम्मं धोरण त्या वहीतच अडकलेलं असतं.

अकरा_महिने
रविवारी ठेवा. शनिवारी आमची सुट्टी नसते. आणि माझं खरं नाव यादीत टाकू नका.