मदत हवी आहे: बर्फातल्या उत्खननात प्राणी सगळे वरच तरंगतात

५ आणि ८ वर्षांच्या मुलांना बर्फातून खेळणी खणून काढायचा खेळ म्हणून दीड लिटरच्या आइस्क्रीमच्या डब्यात प्लास्टिकचे डायनासोर, शंख, गोट्या टाकून काठोकाठ पाणी भरलं आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं. गोट्या तळाला, डायनासोर वर, डबा कोपऱ्यात तडकलेला आणि बर्फ मधोमध पांढराफटक! मीठ वापरावं का, हेही सांगा. रविवारी पुन्हा करायचं आहे.

रानजाई:
एकदम भरू नका, थर लावा. आधी दोन बोटं पाणी, तीन-चार तास गोठू द्या. त्यावर प्राणी मांडून फ्रिजमधलं गार पाणी त्यांच्या पोटापर्यंतच ओता. नळाचं पाणी ओतलंत तर खालचा थर तडकतो. पाय पक्के धरले गेले की मग वरचं पाणी. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून या डब्यात सगळं मिळून १.३ लिटरच. काचेचं भांडं अजिबात नको.

पांढरेपणा पाण्यात विरघळलेल्या हवेचा. बर्फ बाहेरून आत धरत जातो, हवा मध्याकडे ढकलली जाते आणि तिथेच बुडबुडे अडकतात. पाणी उकळून घेतलं तरी फरक थोडाच पडतो. खरं तर तो पांढरा गाभा राहू द्या. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणूनच मुलं खणतात.

कोरा_कागद:
मीठ जरूर वापरा, पण जाडं. चमचाभर एकाच जागी ढीग करून ठेवा, थोड्या वेळात खळगे पडतात. मग ड्रॉपरने खायच्या रंगाचं पाणी सोडा. रंग खळग्यांतून भेगांत उतरतो आणि बर्फात निळ्या शिरा उमटतात. हे बघायला मुलांना भरपूर वेळ द्या.

मात्र मीठ घातलेला बर्फ मुठीत धरू देऊ नका. कुल्फीच्या पॉटमध्ये होतं तेच इथेही होतं, मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं आणि कातडी पोळते. मीठ चमच्यानेच.

रानजाई:
डबा अर्धा मिनिट नळाखाली धरला की बर्फ सुटतो. परातीत जुना टॉवेल घालून त्यावर ठेवा, घसरत नाही. दहा मिनिटं थांबा, नाहीतर ओली बोटं चिकटतात. सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाणी एकाच बिंदूवर मारलं की बोगदा पडतो. वाटीने ओतलं तर नुसता माथा झिजतो. हातोडी नको, कपच्या डोळ्यांत उडतात. लाकडी चमचा आणि जुना टूथब्रश पुरे.

बटण सेल, लोहचुंबक, पाण्यात फुगणारे मणी आत घालू नका. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर गोट्याही नकोत.

प्रश्नकर्ता:
खूप आभार! डायनासोरच ठेवू ना?

कोरा_कागद:
मॅमथ (प्राचीन काळचा केसाळ हत्ती) मिळाला तर उत्तम. डायनासोरचे अवशेष खडकात सापडतात, गोठलेल्या जमिनीत मॅमथ. २००७ साली सायबेरियात यामालला ल्यूबा नावाचं मॅमथचं पिल्लू जवळजवळ अखंड सापडलं. तिचा फोटो आधी दाखवा.